हरित मनुष्यबळ व्यवस्थापन

हरित मनुष्यबळ व्यवस्थापन ही व्यवस्थापनशास्त्राची एक शाखा आहे. कर्मचाऱ्यांची निवड, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन, मोबदला आणि निर्णयप्रक्रियेतील सहभाग यांविषयीचे संस्थेचे नियम व पद्धती पर्यावरणरक्षणाच्या उद्दिष्टांशी जोडणे, हे तिचे कार्यक्षेत्र होय. ‘ग्रीन ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट’ या इंग्रजी संज्ञेचा हा मराठी पर्याय असून ‘पर्यावरणपूरक कर्मचारी व्यवस्थापन’ असाही शब्दप्रयोग आढळतो.

उद्योगाचे पर्यावरणविषयक धोरण संचालक मंडळ ठरवते. परंतु झडप वेळेवर बंद करणे, सांडपाण्याचा नमुना प्रामाणिकपणे तपासणे, गळती दिसताच ती वरिष्ठांना कळवणे ही कामे प्रत्यक्ष कामावर असलेली माणसेच करतात. त्या माणसांना पुरेसे ज्ञान आहे का, तसे वागण्यास त्यांना काही कारण आहे का आणि तसे वागण्याची मोकळीक आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर धोरणाचे यश अवलंबून असते. ही उत्तरे मुख्यतः मनुष्यबळ विभागाच्या नियमांत दडलेली असतात. म्हणून उद्योगाच्या शाश्वततेचा विचार करताना या विषयाला महत्त्व प्राप्त झाले आहे.

संकल्पना व व्याप्ती

कारखान्याचा वा कार्यालयाचा पर्यावरणावर होणारा परिणाम यंत्रसामग्री, कच्चा माल, ऊर्जा आणि माणसांच्या कामाच्या सवयी या चार गोष्टींवर अवलंबून असतो. पहिल्या तीन गोष्टी पैसे खर्च करून बदलता येतात. चौथी गोष्ट केवळ खरेदीने बदलत नाही. आणि ती बदलली नाही तर पहिल्या तिन्हींवर केलेला खर्चही बऱ्याच अंशी वाया जातो.

हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. अनेक कारखान्यांत यंत्रे चालवण्यासाठी दाबयुक्त हवा वापरली जाते. ही हवा वाहून नेणाऱ्या नळीला सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र पडले, तर नेहमीच्या दाबाला तेवढी हवा पुन्हा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरला साधारण ३ किलोवॉट जादा वीज लागते. कारखाना वर्षाला ६,००० तास चालत असेल, तर ही नासाडी १८,००० युनिटांची होते. विजेचा दर युनिटला ८ रुपये धरल्यास वर्षाला १ लाख ४४ हजार रुपयांची. ही गळती हिशेबनिसाला दिसत नाही, कारण ती एकूण वीजबिलात मिसळून गेलेली असते. तिचा ‘सूं’ असा आवाज ऐकू येतो तो त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराला, आणि तोही बहुधा इतर यंत्रे शांत असताना. त्या कामगाराला गळतीचा अर्थ ठाऊक असेल, ती कोणाला सांगायची हे माहीत असेल आणि सांगितल्यावर ‘तुझे काम तू कर’ असे उत्तर मिळणार नाही याची खात्री असेल, तरच ती गळती थांबते. यंत्र, वीज, पैसा आणि माणूस यांचा असा संबंध जोडणे हे हरित मनुष्यबळ व्यवस्थापनाचे मुख्य काम होय.

कार्यालयात कागदाऐवजी संगणकावर रजेचे अर्ज घेणे, कर्मचाऱ्यांसाठी सामायिक वाहनव्यवस्था करणे, पर्यावरणदिनी वृक्षारोपण करणे हे उपक्रमही या सदरात मोडतात. तथापि विषयाची व्याप्ती तेवढीच नाही. ज्या उद्योगाचा मुख्य परिणाम त्याच्या धुराड्यातून किंवा सांडपाण्यातून होतो, तेथे कागदाची बचत हा गौण भाग ठरतो.

हरित मनुष्यबळ व्यवस्थापन आणि उद्योगांचे सामाजिक दायित्व यांतही भेद आहे. भारताच्या कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून केलेली कामे आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठीचे उपक्रम या खर्चात धरले जात नाहीत. म्हणजे सामाजिक दायित्वाचा पैसा कारखान्याच्या फाटकाबाहेर जातो, तर हरित मनुष्यबळ व्यवस्थापनाचे क्षेत्र फाटकाच्या आत असते.

उगम व विकास

पर्यावरणरक्षणात कर्मचाऱ्यांच्या सहभागाला महत्त्व देण्याचे प्रयत्न या संज्ञेपेक्षा जुने आहेत. अमेरिकेतील थ्री-एम या कंपनीने १९७५ मध्ये सुरू केलेला प्रदूषण प्रतिबंधाचा कार्यक्रम हे त्याचे आरंभीचे उदाहरण मानले जाते.

नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ मध्ये आपला अहवाल सादर केला. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान गरजा भागवणारा विकास, अशी शाश्वत विकासाची व्याख्या त्यामुळे जगभर रूढ झाली. १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन या ब्रिटिश लेखकाने उद्योगाचा ताळेबंद आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय अशा तिन्ही अंगांनी मांडला जावा, ही कल्पना पुढे आणली.

१९९६ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम प्रसिद्ध झाले. तसेच वॉल्टर वेहरमायर यांनी संपादित केलेला ‘ग्रीनिंग पीपल’ हा मनुष्यबळ आणि पर्यावरण व्यवस्थापन यांची सांगड घालणारा ग्रंथही प्रकाशित झाला. पुढे डग्लस रेनविक, टॉम रेडमन आणि स्टुअर्ट मॅग्वायर या अभ्यासकांनी तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. तो २०१३ मध्ये व्यवस्थापनशास्त्रातील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हरित मनुष्यबळ व्यवस्थापन ही स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून स्थिरावण्यात या आढाव्याचा वाटा मोठा आहे.

सैद्धांतिक आधार

क्षमता, प्रेरणा आणि संधी : आयलीन ॲपलबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये कारखान्यांच्या अभ्यासातून असे मांडले की, कर्मचाऱ्याची कामगिरी त्याची क्षमता, त्याला मिळणारी प्रेरणा आणि त्याला दिलेली संधी या तिघांच्या योगाने घडते. रेनविक आदींनी हीच चौकट पर्यावरणाच्या प्रश्नाला लावली. निवड व प्रशिक्षण यांमुळे क्षमता वाढते. मूल्यमापन व मोबदला यांमुळे प्रेरणा मिळते. सहभाग आणि सूचना करण्याचे स्वातंत्र्य यांमुळे संधी निर्माण होते. यांपैकी एक घटक जरी नसला, तरी उरलेल्या दोहोंचा फारसा उपयोग होत नाही. प्रशिक्षित पण भयभीत कामगार चूक पाहूनही गप्प राहतो, आणि उत्साही पण अप्रशिक्षित कामगार नवीच चूक करून बसतो.

नैसर्गिक संसाधनांवर आधारित दृष्टिकोन : स्टुअर्ट हार्ट यांनी १९९५ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रदूषण रोखण्याची क्षमता हीच उद्योगाला स्पर्धेत टिकवून धरणारी शक्ती ठरू शकते. अशी क्षमता कर्मचाऱ्यांच्या अनुभवात व परस्परसहकार्यात साठलेली असते. यंत्र कोणालाही विकत घेता येते; त्या यंत्राचे बारकावे जाणणारा आणि ते नव्या माणसाला शिकवणारा अनुभवी कामगारवर्ग प्रतिस्पर्ध्याला सहजासहजी विकत घेता येत नाही.

प्रमुख कार्ये

भरती व निवड : पदाच्या कर्तव्यसूचीत पर्यावरणविषयक जबाबदारीचा स्पष्ट उल्लेख करणे ही पहिली पायरी होय. बॉयलर चालकाच्या कर्तव्यसूचीत इंधनाच्या वापराची नोंद ठेवणे, भांडारपालाच्या सूचीत घातक रसायनांच्या पिंपांची वेगळी साठवण करणे, खरेदी अधिकाऱ्याच्या सूचीत पुरवठादाराचे प्रदूषणविषयक परवाने तपासणे अशी कलमे घातली जातात. असे केल्याने पर्यावरण हे एकट्या ‘पर्यावरण अधिकाऱ्या’चे काम राहत नाही.

प्रशिक्षण : नव्या कर्मचाऱ्याला कामाची ओळख करून देताना कारखान्यात कोणते घातक पदार्थ आहेत, त्यांचा कचरा कोठे जातो आणि अपघात घडल्यास काय करावे, हे सांगणे आवश्यक असते. प्रशिक्षणाची भाषा हा येथे कळीचा मुद्दा आहे. परप्रांतीय कामगारांची संख्या मोठी असलेल्या ठिकाणी मराठीबरोबरच हिंदी व अन्य भाषांतील सूचना आणि चित्रफलक वापरावे लागतात. वर्गात बसवून दिलेल्या व्याख्यानापेक्षा पाळी सुरू होण्यापूर्वी यंत्राजवळच घेतलेली पाच-दहा मिनिटांची बैठक अनेकदा अधिक उपयुक्त ठरते.

कामाचे मूल्यमापन : वार्षिक मूल्यमापनात केवळ उत्पादनाचे आकडे पाहिले, तर पर्यावरणाचे नियम मोडून उत्पादन वाढवणारा पर्यवेक्षक ‘उत्तम’ ठरतो. त्यामुळे दर टन उत्पादनामागे लागलेली वीज व पाणी, कचऱ्याचे प्रमाण आणि कळवलेल्या त्रुटींची संख्या असे निकषही जोडले जातात. कळवलेल्या त्रुटी वाढल्या म्हणजे कामगिरी घसरली, असे मानणे चूक असते. लोक मोकळेपणाने बोलू लागल्याचे ते चिन्ह असू शकते.

मोबदला व गौरव : बचतीच्या सूचनांना रोख पारितोषिक, बढतीच्या वेळी पर्यावरणविषयक कामगिरीचा विचार, उच्चपदस्थांच्या वेतनाचा काही भाग प्रदूषण-उद्दिष्टांशी जोडणे अशा पद्धती प्रचलित आहेत. तथापि केवळ पैशाचे आमिष ठेवल्यास आकडे सजवण्याची प्रवृत्ती बळावते, असा धोकाही असतो.

सहभाग व अभिव्यक्ती : सूचनापेटी, सुधारणा गट, सुरक्षा समिती आणि कामगार संघटनांशी होणारे करार ही सहभागाची साधने होत. गैरप्रकाराची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणे हेही यातच येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचिबद्ध कंपन्यांना अशा तक्रारींसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते.

उद्योगाच्या शाश्वततेशी संबंध

उद्योगाची शाश्वतता म्हणजे दीर्घ काळ टिकून राहण्याची त्याची क्षमता. हरित मनुष्यबळ व्यवस्थापन तिला चार मार्गांनी हातभार लावते.

पहिला मार्ग खर्चाचा. कचरा म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला, पण विकता न आलेला माल. तो जेथे निर्माण होतो तेथेच कमी करता येतो आणि त्या जागेची माहिती तेथे काम करणाऱ्यांनाच असते.

दुसरा मार्ग जोखमीचा. पर्यावरणीय दुर्घटना बहुधा एका मोठ्या चुकीने घडत नाही. दुर्लक्षित राहिलेल्या अनेक लहान चुका एकत्र येऊन ती घडते. त्या लहान चुका वेळीच कळवल्या गेल्या, तर उद्योगावरील न संपणाऱ्या दाव्यांचे आणि माणसांवरील न भरून येणाऱ्या हानीचे संकट टळते.

तिसरा मार्ग कायद्याचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र अटींसह मिळते आणि त्या अटींचे पालन दर पाळीत, दररोज करावे लागते. त्या अटी केवळ व्यवस्थापकाच्या कपाटात राहिल्या आणि कामगारापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर उल्लंघन अटळ होते आणि कारखाना बंद करण्याचा आदेशही निघू शकतो.

चौथा मार्ग माणसे टिकण्याचा. आपले काम परिसराला अपाय करीत नाही, हे समाधान अनेकांना संस्थेशी बांधून ठेवते. कारखान्यातील कामगार आणि कारखान्यालगतच्या विहिरीचे पाणी पिणारे कुटुंब ही अनेकदा एकच माणसे असतात, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते.

उदाहरणे

थ्री-एम : या कंपनीच्या १९७५ पासूनच्या कार्यक्रमात, निर्माण झालेल्या प्रदूषणावर प्रक्रिया करण्याऐवजी ते मुळातच निर्माण होऊ नये, अशा योजना कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने सुचवाव्यात, अशी अपेक्षा होती. पदार्थाची घडण बदलणे, प्रक्रिया बदलणे, उपकरणांची पुनर्रचना करणे आणि टाकाऊ पदार्थांचा पुनर्वापर करणे असे त्या योजनांचे स्वरूप असे. या कार्यक्रमातून एक अब्ज डॉलरहून अधिक बचत झाल्याचे कंपनी सांगते.

इंटरफेस : अमेरिकेतील अटलांटा येथील या गालिचे बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये पॉल हॉकेन यांचा उद्योग व पर्यावरण या विषयावरील ग्रंथ वाचून कंपनीची दिशा बदलण्याचे ठरवले. खनिज तेलापासून बनलेल्या धाग्यांवर चालणाऱ्या उद्योगाने २०२० पर्यंत पर्यावरणावरील आपला दुष्परिणाम शून्यावर आणावा, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. त्यासाठी कारखान्यांतील कर्मचाऱ्यांचे गट नेमून नासाडीच्या जागा शोधण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. ग्राहकाच्या उपयोगी न पडणारा प्रत्येक खर्च म्हणजे नासाडी, अशी व्यापक व्याख्या त्यासाठी करण्यात आली होती. अँडरसन यांचे २०११ मध्ये निधन झाले. त्यानंतरही हे काम सुरू राहिले आणि २०१९ मध्ये कंपनीने उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. संस्थापकाच्या पश्चात उपक्रम टिकला, याचे श्रेय त्याला कर्मचाऱ्यांच्या नित्य कामाचा भाग बनवण्याला दिले जाते.

फोक्सवॅगन : या जर्मन वाहननिर्मात्या कंपनीचे उदाहरण उलट बाजू दाखवते. तपासणीच्या वेळी प्रदूषण कमी दाखवणारी संगणकीय आज्ञावली डिझेल मोटारींत बसवल्याचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारी त्यात गुंतलेल्या होत्या. त्याच महिन्यात शाश्वततेच्या एका नामांकित जागतिक निर्देशांकाने कंपनीला वाहनउद्योगात अग्रस्थान दिले होते. पुढच्याच महिन्यात तिला त्यातून वगळण्यात आले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळाच्या अध्यक्षांनी काही व्यक्तींचे गैरवर्तन आणि कार्यपद्धतीतील उणिवा यांबरोबरच, काही विभागांतील नियमभंग खपवून घेणारी मनोवृत्ती हेही या प्रकरणाचे कारण असल्याचे सांगितले. अहवाल उत्तम असूनही संस्थेतील वातावरण सदोष असेल तर काय घडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

भोपाळ दुर्घटना व मनुष्यबळाचा प्रश्न

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट व अन्य वायू बाहेर पडले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि लाखो बाधित झाली. टाकीत पाणी कसे शिरले याविषयी कंपनी व इतर तपासकर्ते यांच्यात मतभेद राहिले. परंतु दुर्घटनेपूर्वीच्या काळातील मनुष्यबळविषयक निर्णयांकडे अनेक अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मिथिल आयसोसायनेट विभागातील प्रत्येक पाळीतील चालकांची संख्या १२ वरून ६ वर आणण्यात आली होती. देखभाल पर्यवेक्षकाचे रात्रपाळीचे पद दुर्घटनेच्या काही दिवस आधी रद्द झाले होते. कामगारांच्या प्रशिक्षणाचा कालावधीही घटवण्यात आला होता. टाकीतील रसायन थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. यंत्रांच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत असल्याने त्या समजण्यात अनेक कामगारांना अडचण येत असे, असेही नोंदवले गेले आहे. यापूर्वी डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूच्या गळतीत एका कामगाराचा मृत्यू झाला होता आणि कामगार संघटनांनी धोक्याचे इशारे दिले होते.

पदसंख्या कमी करणे, प्रशिक्षण आटोपते घेणे, संघटनेच्या इशाऱ्याकडे काणाडोळा करणे हे निर्णय हिशेबाच्या वहीत बचत म्हणून दिसतात. त्यांचा संबंध हवेशी आणि पाण्याशी असतो, हे भोपाळने फार मोठी किंमत घेऊन दाखवून दिले.

भारतातील कायदेशीर चौकट

भोपाळनंतर भारतात पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ संमत झाला. कामगारांच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची घटना म्हणजे फॅक्टरी कायदा, १९४८ मध्ये १९८७ साली झालेली दुरुस्ती. तिने धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण जोडले. कारखान्यातील धोक्यांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले (कलम ४१-ब). व्यवस्थापन व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधित्वाची सुरक्षा समिती नेमण्याची तरतूद झाली (कलम ४१-ग). जीविताला तातडीचा धोका जाणवल्यास कामगारांना तो व्यवस्थापनाच्या व त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणून देण्याचा अधिकार मिळाला (कलम ४१-ह). माहिती व प्रशिक्षण मिळवण्याचा हक्कही मान्य झाला (कलम १११-अ). कारखान्यातील सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावेत, हा नियम मूळ कायद्यातच होता (कलम १०८). संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आहे.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार मोठ्या प्रमाणावर ऊर्जा वापरणाऱ्या नामनिर्देशित उद्योगांना विहित पात्रतेचा ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो. पर्यावरणासाठी विशिष्ट पद निर्माण करण्याची सक्ती करणारा हा कायदा असल्याने त्याचा या विषयाशी थेट संबंध येतो.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने अर्थात सेबीने २०२१ मध्ये उद्योग जबाबदारी व शाश्वतता अहवालाचा नमुना लागू केला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो बंधनकारक आहे. नऊ तत्त्वांवर आधारलेल्या या अहवालात संचालक, अधिकारी, कर्मचारी आणि कामगार यांच्यापैकी किती टक्के लोकांना या तत्त्वांचे प्रशिक्षण मिळाले, हे गटवार सांगावे लागते. त्यामुळे प्रशिक्षण वरच्या श्रेणीतच अडकले की कामगारांपर्यंत पोहोचले, हे वाचकाला पडताळून पाहता येते.

आयएसओ १४००१ हे मानक ऐच्छिक आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत सक्षमता व जाणीव यांविषयी स्वतंत्र कलमे असून ती संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या सर्व व्यक्तींना लागू होतात. म्हणजे कंत्राटदाराकडून आलेला कामगारही त्यातून सुटत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. तारापूर, डोंबिवली यांसारख्या औद्योगिक वसाहतींत अनेक लहानमोठ्या कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात येते. अशा व्यवस्थेत एका कारखान्यातील एका पाळीने प्रक्रिया न केलेले पाणी सोडले, तरी त्याचा भार संपूर्ण केंद्रावर पडतो. या वसाहतींतील लहान उद्योगांत स्वतंत्र मनुष्यबळ विभाग क्वचितच असतो. मालक किंवा व्यवस्थापकच भरती, पगार आणि पर्यावरण हे सारे पाहतो. तेथे जाड नियमपुस्तिकेपेक्षा यंत्राशेजारी लावलेली मराठी-हिंदी सूचनांची पाटी, प्रत्येक पाळीसाठी नेमलेली जबाबदार व्यक्ती आणि दोन पाळ्यांमधील लेखी नोंदवही या तीन साध्या गोष्टी अधिक परिणामकारक ठरू शकतात.

साखर उद्योगाचा प्रश्न वेगळा आहे. गाळप हंगामी असल्याने कायम कामगारांबरोबर हंगामी व कंत्राटी कामगारांचे प्रमाण मोठे असते. साखर कारखान्यांशी जोडलेल्या आसवनींतून मद्यार्काच्या अनेक पट स्पेंटवॉश हे तीव्र सांडपाणी निघते आणि ते ओढ्या-नद्यांत मिसळल्यास पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात. कर्मचारी दर हंगामात बदलत असतील, तर गेल्या वर्षी शिकवलेले यंदा उपयोगी पडत नाही. हंगामापूर्वीचे प्रशिक्षण म्हणून दरवर्षी नव्याने द्यावे लागते. पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था साखर उद्योगासाठी संशोधनाबरोबर प्रशिक्षणाचेही काम करते.

पर्यावरणाचे काम करणाऱ्यांच्या स्वतःच्या कामाची स्थिती कशी असावी, या दृष्टीने पुण्यातील कचरावेचकांचा प्रयोग अभ्यसनीय आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेच्या कामातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. ओळखपत्र, घरोघरी कचरा गोळा करण्याचा अधिकार आणि नियमित मोबदला मिळाल्याने पूर्वी उकिरड्यावर अवलंबून असलेल्या स्त्रिया शहराच्या घनकचरा व्यवस्थेचा मान्यताप्राप्त भाग बनल्या.

मर्यादा व टीका

पुराव्याचा प्रश्न : या विषयावरील बरेच संशोधन कर्मचाऱ्यांनी वा व्यवस्थापकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलींवर आधारलेले आहे. आपण पर्यावरणाची काळजी घेतो, असे उत्तर देण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. शिवाय हरित धोरणांमुळे कंपनी नफ्यात आली, की नफ्यात असल्यामुळे तिला अशी धोरणे परवडली, हे एकाच वेळच्या पाहणीतून ठरवता येत नाही. म्हणून वीज, पाणी व कचरा यांच्या प्रत्यक्ष मोजमापाची जोड आवश्यक मानली जाते.

देखाव्याचा प्रश्न : वृक्षारोपणाची छायाचित्रे आणि घोषवाक्य स्पर्धा यांवर भर देऊन मूळ प्रदूषण झाकण्याचा प्रकार होऊ शकतो. मनुष्यबळ विभागाला उत्पादनविषयक निर्णयांत स्थान नसेल, तर त्याचे हरित उपक्रम शोभेपुरतेच उरतात.

भार ढकलण्याचा प्रश्न : घरून काम करण्याची मुभा दिल्याने प्रवासाचे इंधन वाचते, परंतु कार्यालयाच्या विजेचा काही खर्च कर्मचाऱ्याच्या घरी जातो. कर्मचाऱ्याच्या खाजगी राहणीवर नजर ठेवणे हाही आक्षेपार्ह भाग ठरतो.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया, टाक्यांची सफाई, घातक कचऱ्याची हाताळणी यांसारखी पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक कामे अनेकदा कंत्राटी कामगारांकडे असतात. प्रशिक्षण, पारितोषिके व समित्या मात्र कायम कर्मचाऱ्यांपुरत्या मर्यादित राहतात. धोका ज्याच्या हाती आहे तोच योजनेबाहेर राहतो, ही या विषयातील सर्वांत गंभीर विसंगती मानावी लागेल.

न्याय्य संक्रमण

प्रदूषणकारी उद्योग बंद होणे वा बदलणे हे पर्यावरणाला हितकर असले, तरी त्यात काम करणाऱ्यांची उपजीविका धोक्यात येते. हा बदल कामगारांशी विचारविनिमय करून, नवी कौशल्ये शिकवून आणि सामाजिक सुरक्षा देऊन घडवावा, या विचाराला न्याय्य संक्रमण म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१५ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षीच्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकातही त्याचा उल्लेख झाला. भारतात पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये युवकांसाठी हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेषतः चंद्रपूर परिसरासारख्या कोळसा खाणी आणि औष्णिक विद्युत केंद्रे असलेल्या भागात उद्भवतो. तेथील अर्थव्यवहार खाणकामगारांच्या पगारापुरता नसतो. मालमोटारींचे चालक, दुरुस्तीची दुकाने, खानावळी हे सारे त्यावर उभे असतात आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. त्यांना नव्या व्यवस्थेत स्थान कसे मिळेल, हा हरित मनुष्यबळ व्यवस्थापनापुढील आगामी काळातील प्रमुख प्रश्न आहे.